बाबांनी रंगवलेली खेळणी

११ जून

छोट्या,

सहा वर्षांनी लिहिते आहे. फोनवर मला हे बोलता आलं नसतं, म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय आणि ओळींत जागा सोडली आहे. तुला हिणवायचा हेतू नाही. पहिलीच्या पोरांना फळ्यावर असंच लिहून देते, हाताला तेच वळण पडलंय. सावकाश वाच. एवढं मात्र कर, हे दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. तुझ्या फोरमनकडून तर नकोच.

तसं विशेष काही नाही. बाबा अजून माझ्याकडेच असतात. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. थोरली दुसरीत गेली. धाकटा साडेतीन वर्षांचा झाला, त्याला तू पाहिलेलंच नाहीस. त्याची तब्येत जरा नरम असते. पोट दुखतं म्हणून रडतो. डॉक्टरीणबाई औषध देताहेत.

तुला एक विचारायचं होतं. लहानपणी तुझं पोट दुखायचं ना? शाळेची वेळ झाली की तू पोट धरून उंबऱ्यात बसायचास आणि आई म्हणायची, आलं याचं रोजचं नाटक. ते खरंच दुखायचं का? आणि किती वर्षांचा होईपर्यंत? आठवेल तेवढं कळव. नुसतं हो किंवा नाही लिहिलंस तरी चालेल.

आणि बाबांनी आपल्यासाठी केलेल्या खेळण्यांपैकी तुझं आवडतं कोणतं होतं, तेही लिही. सहज विचारते आहे.

आई गेल्यावर जुनं घर रिकामं करताना जे झालं त्यावर आज लिहीत नाही. माझं काही चुकलं असेल तर मनातून काढून टाक.

ताई


२ जुलै

छोट्या,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही असं लिहिणार होते, पण हरकत आहे.

मागच्या पत्रात मी 'सहज' असा शब्द लिहिला आणि 'जरा नरम' असंही लिहिलं. दोन्ही खोटं. धाकट्याचे शब्द गेलेत.

बोलायला तो थोरलीच्या आधी लागला होता. दोन वर्षांचा असताना मला म्हणाला होता, "तू अशी मोठ्याने बोललेली मला नाही आवडत." बाबा त्याला वकीलसाहेब म्हणायचे. गेल्या हिवाळ्यापासून एकेक शब्द गळायला लागला. आधी वाक्यं गेली, मग रंगांची नावं, मग थोरलीचं नाव. आता तो बोट दाखवतो, आणि बोटावरून आपल्याला कळलं नाही तर डोकं भिंतीवर आपटतो. चेहरा पांढराफटक. मी बारा वर्षं पहिलीला शिकवते. लोकांच्या पोरांच्या आयांना बोलावून सांगते, याच्याकडे लक्ष द्या, काहीतरी बिनसलंय. माझ्या पोराचं मी चार महिने 'लाडावलाय' म्हणून ढकललं.

आता त्या खेळण्यांच्या पेटीचं सांगते. तीच, जी तू मागितली होतीस.

घर रिकामं करताना तू एवढंच म्हणालास की मला बाकी काही नको, खेळणी दे. मी म्हणाले, तुझं लग्न नाही, मूल नाही, तू काय करणार? माझ्या मुलीला होतील. तू म्हणालास, मी जपून ठेवीन. त्यावर मी मावशीसमोर म्हणाले, "जपणं म्हणजे काय ते तुला कधी कळलंय?" तू पिशवी उचललीस आणि निघून गेलास. मी पेटी माळ्यावर टाकली आणि पाच वर्षं तिच्याकडे पाहिलंही नाही.

गेल्या वर्षी मेच्या सुट्टीत मुलं कंटाळली होती, म्हणून खाली काढली. छोट्या, तो दिवस फार चांगला गेला. हे लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही मला. आम्ही फरशीवर चादर अंथरली आणि मी एकेक खेळणं बाहेर काढत गेले. लाल बस, जिची मागची चाकं बाबांनी दोऱ्याच्या रिळांची केली होती. हत्ती. निळा पोलीस, ज्याला नाक काढायला बाबा विसरले होते. वाघ, ज्याचे पट्टे एका बाजूलाच होते, कारण दुसऱ्या बाजूपर्यंत बाबांच्या बस डेपोतला काळा रंग संपला होता. पिवळं बदक. बाबा गुडघ्यांची तक्रार विसरून खाली बसले आणि पोरांना सांगायला लागले, हे खोक्याचं लाकूड, हा बसचा रंग, वीस-वीस वर्षं उन्हापावसात टिकतो, तुमच्या प्लास्टिकसारखा नाही. थोरलीने वाघाला दोन्ही बाजूंनी न्याहाळलं आणि विचारलं, याला अर्धाच राग येतो का? बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. धाकट्याने बदक उचललं ते रात्री झोपेपर्यंत सोडलं नाही. मी दारात उभी राहून पाहत होते. वाटलं, आयुष्यात आपल्या हातून एक गोष्ट तरी नीट झाली.

रंग जागोजागी सुटला होता. पोरांना टोचू नये म्हणून मी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात बसून सगळी खेळणी पॉलिश पेपरने घासली. लाल, पिवळी धूळ फरशीवर पडली. धाकटा शेजारीच बसला होता, बोटाने त्या धुळीत रेघा मारत होता. मला कौतुक वाटलं.

आता या मे महिन्यात डॉक्टरीणबाईंनी रक्ताची एक वेगळी तपासणी सांगितली. मग विचारलं, घरात जुना रंग आहे का? खेळणी कसली आहेत? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आजोबांनी केलेली आहेत, आमची लहानपणची. पॉलिश पेपरचंही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

शिसं, छोट्या. पेन्सिलीतलं नव्हे, ते नुसतं नावाचं असतं. हे धातूचं. तेव्हाच्या गाड्यांच्या रंगात ते असायचं. त्याच्या रक्तात इतकं सापडलं की त्याला अकरा दिवस रुग्णालयात ठेवावं लागलं. मी पहिलं पत्र तुला त्याच्या खाटेशेजारी बसून लिहिलं होतं.

थोरलीच्या रक्तातही आहे, पण थोडं. ती मोठी आहे, काही तोंडात घालत नाही.

ताई


२० जुलै

छोट्या,

तुझा फोन आला तेव्हा मी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत होते. तू म्हणालास, पोरगं कसंय? मी म्हणाले, आहे तसंच. मग तू म्हणालास, खरं दुखायचं. आणि म्हणालास, बदक. आणि ठेवलास. तीन वाक्यांचा फोन, पण त्यानंतरचे दोन्ही तास मी मुलांना चित्रं काढायला लावली.

तू विचारलं नाहीस, तरी मी ते का विचारलं होतं ते तुला समजलं असणार. नसेल तर आज सांगते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, त्या खेळण्यांशी लहानपणी आणखी कोण खेळलं? मी म्हणाले, मी आणि माझा भाऊ. मी चार वर्षांची असताना बाबांनी ती केली, त्यामुळे मी चोखली-चावली नाहीत. तू माझ्या सहा-साडेसहा वर्षांनी झालास आणि तुला बसता यायच्या आधीपासून ती तुझ्या पाळण्यात होती. त्या म्हणाल्या, भाऊ कसा आहे? मी म्हणाले, चांगला आहे, नोकरी करतो. त्या वाट पाहत राहिल्या. मग मी सांगितलं की त्याला अक्षरं कधी नीट बसली नाहीत, सहावीतून काढावं लागलं, पाढे आज म्हटले की उद्या गेलेले असायचे, एका जागी बसवायचं नाही, पोट दुखायचं. त्यांनी सांगितलं, इतक्या वर्षांनी नक्की सांगता येणार नाही. पण शक्यता बरीच आहे.

शक्यता बरीच आहे. मी ते शब्द तुला जसेच्या तसे देते आहे.

तुला आठवत असेल, तुला शिकवायचं काम माझ्याकडे होतं. मी बाराची, तू सहाचा. 'क' आणि 'फ' एकमेकांच्या जागी लिहिलास की मी पट्टी आडवी न मारता उभी मारायचे, धारेने. बाबांनी तुला भोपळ्या म्हणायला सुरुवात केली आणि गल्लीने ते नाव उचललं. मी शाळेतही तुझी ओळख तशीच करून दिली होती. लोक म्हणायचे, बहीण एवढी हुशार आणि हा असा कसा? मला ते ऐकायला आवडायचं. तुझ्यामुळे मी जरा जास्तच हुशार दिसायचे.

आपण सगळ्यांनी, म्हणजे मी, आईने, बाबांनी, तुझ्या हाताबाहेरच्या गोष्टीसाठी तुला बदडलं. आणि तूही ते मान्य केलंस. तू कधी उलटून बोलला नाहीस.

बाबांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांना वाटतं की नातवाचं रक्त कमी आहे. खेळणी तपासणीला गेली ती परत आणायची नाहीत असं ठरलं आहे. बाबा रोज विचारतात, पेटी कुठे ठेवलीस? काल म्हणाले, रंग उडालाय ना, मग ब्रश आणि डबा आणून दे, बसल्या बसल्या नवीन करतो. मी बघू म्हणाले.

तुझे भावोजी मला एका शब्दाने बोललेले नाहीत. मीटर वाचायला दारोदार जातात, घरी येतात, धाकट्याला मांडीवर घेऊन चित्रांचं पुस्तक उघडतात आणि त्याला विचारतात, हे काय? हे काय? तासभर. तो पुस्तकाकडे बघतसुद्धा नाही. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एकदा येऊन जा. रविवारी ये. जेवायलाच ये.

ताई


१४ ऑगस्ट

छोट्या,

तू आलास. सहा वर्षांत केस मागे सरलेत तुझे. चप्पल दारात काढलीस आणि सरळ धाकट्याजवळ जाऊन फरशीवर बसलास. त्याच्याशी बोलला नाहीस, 'हे काय?' असं विचारलं नाहीस. तो डब्यांची झाकणं उलटीसुलटी करत होता, तूही एक झाकण घेतलंस आणि करायला लागलास. अर्ध्या तासाने तो उठून तुझ्या मांडीत बसला. तीन महिन्यांत तो कुणाच्या मांडीत आपणहून बसला नव्हता. थोरली माझ्या कानात म्हणाली, मामाला त्याची भाषा येते. मी आत जाऊन उगाच नळ सोडला आणि उभी राहिले.

तुझ्या कामाचं तू थोरलीला सांगत होतास, तेही ऐकलं मी आतून. पट्ट्यावरून बाटल्या पुढे सरकतात, मागे पांढरा दिवा असतो, आणि तू तडा गेलेली बाटली हाताने उचलून बाजूला टाकतोस. एका मिनिटाला साठ. फोरमन म्हणतो की तुझ्यासारखा डोळा कारखान्यात दुसऱ्याचा नाही. तू हे माझ्याशी कधी बोलला नव्हतास. मी कधी विचारलं नव्हतं.

आणि मग जेवायला बसलो.

बाबा पहिल्यापासूनच फॉर्मात होते. तुला म्हणाले, काय रे, अजून बाटल्याच बघतोस का? बरं आहे, डोकं चालवावं लागत नाही. तू हसलास. मग ते तुझ्या भावोजींना सांगायला लागले की याला बे एके बे शिकवताना मी दोन पट्ट्या मोडल्या, याच्या डोक्यात पहिल्यापासून भुसा. हे आपण हजार वेळा ऐकलंय. पण मग त्यांनी धाकट्याकडे बोट केलं. तो ताटातला घास बोटांनी पसरत होता.

"हाही त्याच वळणावर चाललाय," बाबा म्हणाले. "मामावर गेलाय, दुसरं काय?"

तुझा हात ताटावरच थांबला. तू बाबांकडे पाहिलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या भावोजींनीही माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. बाबा, तो मामावर गेलेला नाही, ते दोघंही तुमच्या रंगावर गेलेत. माझ्या तोंडात तयार होतं ते.

मी म्हणाले, "आणखी वाढू का?"

आणि तू म्हणालास, नको, झालं.

तुला सोडायला मी फाटकापर्यंत आले. बाबांचं मनावर घेऊ नकोस, त्यांचं वय झालंय, वगैरे मी बोलत होते. तू कडी काढलीस. माझ्याकडे पाठ होती तुझी.

"मला वाटलं, तू बोलशील," तू म्हणालास.

मी त्यावर काही बोलायच्या आत रस्ता ओलांडून गेलास. म्हणून इथे लिहिते. मला बाबांची दया आली असं मी स्वतःला आठ दिवस सांगितलं. म्हातारा माणूस, हातांनी केलेली एकच सुंदर गोष्ट, ती त्याच्याकडून कशाला काढून घ्यायची? ऐकायला बरं वाटतं. पण खरं ते नव्हे. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता, आणि त्याचं उत्तर फक्त माझ्याकडे आहे.

ताई


३ सप्टेंबर

छोट्या,

काल बाबांना सांगितलं.

संध्याकाळी ते गॅलरीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी समोर स्टूल घेऊन बसले आणि रक्ताच्या तपासणीपासून सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "गाडीचा रंग होता तो. चांगला रंग." मग जरा वेळाने म्हणाले, डेपोतले सगळेच न्यायचे घरी, कुणी खिडक्यांना लावला, कुणी पाळण्याला. मी म्हणाले, तेव्हा कुणाला माहीत होतं बाबा? ते म्हणाले, ते राहू दे.

मग विचारलं, "त्याला कळलंय?"

मी हो म्हणाले.

"कधीपासून?"

"तो जेवायला आला होता, त्याच्या आधीपासून."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, मग घडीची घडी केली. ती मांडीवर ठेवून अंधार पडेपर्यंत बसून राहिले. जेवायला उठले नाहीत. धाकटा त्यांच्या गुडघ्याला धरून उभा राहिला तर त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि तसाच मागे घेतला. जणू हाताला अजून रंग आहे.

पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. ते माझं नशीब. तू विचारायच्या आत मीच सांगते.

मी लिहिलं होतं की खेळणी तुझ्या पाळण्यात होती. ती आपोआप नव्हती आली. आई तेव्हा रुग्णालयाच्या धुलाईघरात दुपारच्या पाळीला जायची आणि बाबा डेपोतून सातला यायचे. शाळेतून आल्यावर तुला सांभाळायचं ते मी. मी सात वर्षांची, तू आठ-नऊ महिन्यांचा. तू रडायचास. दात येत होते तुला. मला गृहपाठ असायचा, आणि तू रडलास की वरच्या मजल्यावरच्या काकू काठीने फरशी ठोकायच्या. एक दिवस मी तुझ्या तोंडात बदकाची चोच दिली. तू गप्प झालास. ती चोच तुझ्या हिरड्यांना अगदी बरोबर बसायची.

मग मी रोज द्यायला लागले. तू थुंकून टाकलंस की पुन्हा पुन्हा द्यायचे. वाटीत गूळपाणी करून त्यात चोच बुडवायचे, म्हणजे तू जास्त वेळ चोखायचास. चोच पांढरी पडली, खालचं लाकूड दिसायला लागलं, तेव्हा बाबांनी विचारलं, कोण खातंय रे हे बदक? मी म्हणाले, छोट्या. ते हसले आणि त्यांनी ती परत रंगवून दिली. ती तीनदा रंगवली त्यांनी, छोट्या. मी तीनदा तुझ्याकडून तो रंग चोखून घेतला. तू अडीच वर्षांचा होईपर्यंत हे चाललं होतं. माझा गृहपाठ एकदाही चुकला नाही. त्या वर्षी मी वर्गात पहिली आले.

सात वर्षांच्या पोरीला काय कळणार, असं तू म्हणशील. तुझा स्वभाव तसाच आहे. म्हणून उरलेलंही ऐक.

गेल्या वर्षी धाकटा बदक घेऊन फिरायला लागला तेव्हा मला ती युक्ती आठवली. संध्याकाळी मला चाळीस वह्या तपासायच्या असतात. तो पदर ओढायचा, माझ्याशी बोल म्हणायचा, तेव्हा बोलत होता तो. मी बदक धुऊन त्याच्या तोंडात द्यायचे आणि म्हणायचे, हे घे आणि गप्प बस. मामापण असाच गप्प बसायचा.

गप्प बसला तो.

हे डॉक्टरीणबाईंना सांगितलेलं नाही. तुझ्या भावोजींना सांगितलेलं नाही. फक्त तुला. तू हे कुणाला सांगावंस किंवा सांगू नयेस असं मी काही म्हणणार नाही. मला माफ कर असंही लिहीत नाही. ते लिहायचा प्रयत्न केला, पण वहीत चांगलं दिसावं म्हणून लिहिल्यासारखं वाटलं.

ताई


६ सप्टेंबर

छोट्या,

घाईत लिहिते. हे उद्या सकाळी टपालात पडेल, पण त्याआधीच तुला फोन लावीन, कारण बाबा गेलेत. म्हणजे घरातून गेलेत. मी शाळेतून आले तर ओट्यावर माझ्याच वहीचं पान होतं, 'त्याच्याकडे जातो.' छोटी बॅग जागेवर नाही, गुडघ्याचा पट्टाही नाही. शेजारच्या शिंपिणीने त्यांना साडेअकराला बस थांब्यावर पाहिलं. तुझा पत्ता त्यांच्याकडे नाही. कारखान्याचं नाव तेवढं ठाऊक आहे. ते पोहोचले की ताबडतोब


(नंतर)

तुझा फोन आला. पत्र अर्धंच राहिलं, तसंच पाठवते.


२९ सप्टेंबर

छोट्या,

तू सांगितलंस ते मी लिहून ठेवलंय, म्हणजे मला नंतर दुसरं काही ऐकलं असं वाटायला नको.

बाबा कारखान्याच्या फाटकाशी चार तास उभे होते. पहारेकऱ्याने खुर्ची दिली तरी बसले नाहीत. तुझी पाळी सुटली, तू बाहेर आलास, आणि ते तुला म्हणाले, "मी तुला शाळेतून काढलं." एवढंच. तू म्हणालास, चला, घरी चला. तेव्हापासून ते तुझ्या खोलीत आहेत. तुझ्याशी बोलत नाहीत. तू कामावरून आलास की उठून बसतात, तू जेवलास की जेवतात. परत यायचं का असं विचारलं की नाही म्हणून मान हलवतात. तू म्हणालास, राहू देत इथे. मी त्यांच्या गोळ्या आणि कपडे तुझ्या भावोजींबरोबर पाठवले आहेत. सकाळची पांढरी गोळी जेवणाआधी, दोन रंगांची जेवणानंतर.

मी विचारलं, तुझा राग आहे का माझ्यावर? मागे यंत्रांचा आवाज येत होता.

"मला वाटायचं मी जन्मालाच असा आलो," तू म्हणालास. "ते बरं होतं, ताई. आता रोज मनात येतं, मी कोण झालो असतो. कामावर उभा असतो आणि तेच येतं. परवा तडा गेलेली बाटली माझ्यासमोरून पुढे गेली. मला दिसली नाही."

मग तू म्हणालास की पत्रं नको पाठवूस आता. एक पत्र वाचायला दोन दिवस लागतात आणि पुढचे आठ दिवस त्यातच जातात.

खरं सांगायचं तर मी मोकळी व्हायला ती पत्रं लिहिली, छोट्या. तुझ्या मनावर काय पडेल याचा विचार मी एकदाही केला नव्हता. अक्षर मात्र मोठं काढलं.

म्हणून हे शेवटचं, आणि लहान. धाकट्याच्या रक्तातलं शिसं बरंच उतरलंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, बोलणं जेवढं गेलं तेवढं सगळं परत येईलच असं नाही, काही आलं तर या वर्षभरात येईल. बोलण्याच्या व्यायामाला मंगळवार-शुक्रवार नेते. तिथल्या बाई त्याला आरशासमोर बसवतात आणि ओठ कसे मिटायचे ते दाखवतात. तो आरशात माझ्याकडे बघतो. वह्या मी आता शाळेतच तपासून येते. संध्याकाळी त्याच्यासमोर बसून असते. त्याने माझ्याशी बोल म्हणावं म्हणून बसते, आणि सात वाजतात.

तो एक जरी शब्द बोलला तरी मी तुला फोन करीन. कोणताही शब्द, अर्धा का असेना. माझा फोन आला नाही तर समजून घे.

ताई